मतपरीक्षेचा वाद आणि ख्रिस्ती नीतीचे प्रमाण

लातूर येथील आमच्या एका पोथीसंग्राहक स्नेह्यांनी मागील वर्षी आपल्या संग्रहाची फेरमांडणी आरंभिली, तेव्हा प्रस्तुत लेखकास त्यांनी नांदेडहून मुद्दाम बोलावून घेतले होते. औसा भागातील एका जुन्या वाड्यातून आलेले एक गाठोडे त्या दिवशी प्रथमच सोडले. त्यात गीतेच्या टीकांची सुटी पाने, मुहूर्ताच्या दोन पोथ्या आणि वैद्यकाचे एक बाड निघाले. व सर्वांच्या तळाशी शिळाछापाच्या, मुखपृष्ठे गळून गेलेल्या तीन मराठी पुस्तिका निघाल्या. मजकूर पाहता त्या पाद्री मंडळींनी जत्रेबाजारांत फुकट वाटलेल्यांपैकी आहेत हे उघड होते. स्नेही म्हणाले, "गुरुजी, ह्या रद्दीत घालावयास हरकत नाही ना?" आम्ही सहज एक पुस्तिका उघडली. शत्रूवरही प्रीती करावी ह्या उपदेशाशेजारी समासात बोरूने, मोडी अक्षरात, एकच शब्द लिहिलेला होता: "प्रमाण?"

तो कोणी लिहिला हे कळण्यास मार्ग नाही. परंतु ज्याने लिहिला त्यास शास्त्राची दिशा ठाऊक होती. उपदेश वाईट आहे असे तो म्हणत नाही. परधर्मीयाचा आहे म्हणून त्याज्य आहे, असेही म्हणत नाही. तो इतकेच विचारतो की, हे कशाच्या आधारावर मानावयाचे? जेथे अनेक मते शेजारी शेजारी नांदतात, तेथे एका मताची नीती दुसऱ्या मताच्या मनुष्यापुढे कोणत्या प्रमाणावर मांडावी, हा प्रश्न आजही मिटलेला नाही. तथापि ह्या प्रश्नाचा एक अत्यंत सकस ऊहापोह सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी संस्कृत भाषेतच होऊन गेला आहे, व त्यातील चार प्रमुख वाद्यांपैकी दोघे मराठी होते, ही गोष्ट आपल्याकडील संग्राहकांच्या फारशी लक्षात नाही. तिची हकीकत येथे द्यावयाची आहे.

ख्रिस्ती मत मराठीत सांगण्याचा उपक्रम नवा नव्हता. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्येच ओवीबद्ध होऊन छापले गेले होते. कंपनी सरकारच्या १८१३ च्या सनदेनंतर मिशनऱ्यांस मुलूख मोकळा झाला, आणि १८३१ साली मुंबईत जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला. परंतु हे वाद देशभाषेत चालले. काशीच्या पंडितास त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. ती दखल घेणे भाग पडावे अशा रीतीने विषय मांडला तो जॉन म्यूर यांनी. हे स्कॉटलंडमधील ग्लासगोचे, जन्म १८१०. कंपनीच्या बंगाल इलाख्यातील मुलकी नोकर, म्हणजे पाद्री नव्हेत. १८३९ मध्ये (शके १७६१) त्यांनी 'मतपरीक्षा' नावाचा गुरुशिष्यसंवादरूप ग्रंथ अनुष्टुभ् छंदात रचून प्रसिद्ध केला. शिष्य विचारतो की, जगात इतकी शास्त्रे आहेत, त्यांपैकी खरे कोणते ते कसे ओळखावे? गुरू लक्षणे सांगतो. ती मुख्यतः तीन: शास्त्राच्या प्रवर्तकाचे अद्भुत सामर्थ्य, शास्त्राची पवित्रता म्हणजे त्यातील नीतीची शुद्धता, आणि त्याची सार्वत्रिकता, म्हणजे ते सर्व मनुष्यजातीकरिता असणे.

लक्षण सांगून मग लक्ष्याची परीक्षा करावयाची, ही रीत आमचीच. ह्यामुळेच ग्रंथ बोचला. परक्याने आपल्या घरातील तराजू उचलून आपलेच सोने तोलावयास घ्यावे, तसा हा प्रकार होता.

तीन लक्षणांपैकी पहिले आमच्या मते सर्वांत दुबळे. ज्या मुलाने गोवर्धन उचलणाऱ्या कृष्णाची कथा पाळण्यात ऐकली, त्यास पाण्यावरून चालणाऱ्या प्रभूची कथा सांगून काय साधावयाचे? माहूरच्या गडावर, कंधारच्या दर्ग्यात, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात, जेथे जावे तेथे अद्भुताची वाण नाही. आमच्या अद्भुतास साक्षी आहेत व तुमचे कविकल्पित आहे, असे म्हटले की वाद साक्षीपुराव्याचा होतो आणि तो कधी संपत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या लक्षणात मात्र बळ आहे, व उत्तरकारांनाही तेथेच खरे श्रम पडले आहेत.

पहिले उत्तर त्याच वर्षी आले. कर्त्याने स्वतःस सोमनाथ म्हणविले असले तरी ते सुबाजी बापू होत. हे मराठी ज्योतिषी माळव्यात सिहोर येथे भोपाळचे पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांच्या आश्रयास होते. विल्किन्सन साहेबांनी तेथील पाठशाळेत भास्कराचार्यांचे सिद्धांत शिकविण्यास प्रोत्साहन दिले, आणि सुबाजींनी १८३६ मध्ये 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ लिहून पुराणांचा भूगोल, सिद्धांतांचे गणित व युरोपातील नवे ज्योतिष यांची तुलना केली. अशा मोकळ्या बुद्धीच्या मनुष्याचे उत्तर तितकेच मोकळे असावे हे साहजिक होय. 'मतपरीक्षाशिक्षा' ह्या त्यांच्या ग्रंथाचा मथितार्थ असा: ईश्वर एकच, त्यानेच निरनिराळ्या लोकांस त्यांच्या त्यांच्या अधिकारानुसार निरनिराळे मार्ग लावून दिले आहेत. ख्रिस्ताचा मार्ग ख्रिस्त्यांस योग्य, आमचा आम्हांस योग्य. म्हणून परमताची निंदा करणे हे कोणत्याही भक्ताचे काम नव्हे, आणि ख्रिस्ती भक्ताचे तर मुळीच नव्हे.

आजच्या वाचकास हे उत्तर गोड वाटेल. आम्हांसही प्रथम वाचनात तसेच वाटले. सभासंमेलनांतून सर्वधर्मसमभावाची जी भाषणे होतात त्यांचा गाभा सुबाजींनी १८३९ मध्येच सांगून ठेविला आहे. परंतु ह्याच सुबाजींची दुसरी एक कृती त्याच वर्षी छापली गेली, ती शेजारी ठेवून पाहावी. विल्किन्सन यांनी जातिभेदाचे खंडन करणारा 'वज्रसूची' हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि त्याच्या जोडीला त्याच पुस्तकात सुबाजींचा 'टंक' छापला. ह्या टंकात वज्रसूचीचे उत्तर आहे, म्हणजे वर्णव्यवस्थेचे समर्थन आहे. आता ध्यानात येते की, 'ज्याचा त्याचा अधिकार' हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे. परधर्मीयास त्याचे देऊळ मोकळेपणाने देणारे सूत्र तेच, आणि गावकुसाबाहेरील मनुष्यास त्याची जागा दाखवून देणारे सूत्रही तेच. म्यूर यांचे तिसरे लक्षण, सार्वत्रिकता, नेमके ह्या जागी लागते. वेदाध्ययनाचा अधिकार त्रैवर्णिकांपुरता ठेवणाऱ्या शास्त्रापुढे "शेजाऱ्यावर आपणांसारखी प्रीती कर" हे वाक्य ठेविले असता प्रश्न चमत्काराचा राहत नाही. शेजारी कोणास म्हणावयाचे, एवढाच राहतो. सुबाजींनी म्यूर यांस सौजन्य शिकविले हे खरे, पण ह्या प्रश्नास त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

दुसरे उत्तर कलकत्त्याचे हरचंद्र तर्कपंचानन यांचे, १८४० मधील. त्यात आवेश फार. प्रस्तुत विषयास उपयोगी असे थोडे. ते सोडून पुढे जाऊ.

तिसरे उत्तर 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. कर्ते नीळकंठशास्त्री गोरे. हे चित्तपावन घराणे उत्तरेत गेलेले. नीळकंठांचा जन्म १८२५ मध्ये झाशीनजीकचा, आणि विद्या काशीची. काशी आणि महाराष्ट्र यांचे हे नाते आम्हां नांदेडकरांस वेगळे सांगावयास नको. ज्या शेष घराण्याने काशीस व्याकरणाची गादी गाजविली, त्याचे मूळ आमच्या गोदातीरीचे मानतात, व वामनपंडितही त्याच घराण्यातील असे परंपरा सांगते. त्याच परंपरेच्या छायेत वाढलेल्या ह्या तरुणाने १८४४-४५ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, म्यूर यांस जे उत्तर लिहिले ते तिन्ही उत्तरांत श्रेष्ठ आहे, असे आमचे मत आहे.

नीळकंठांनी वादाची जागाच बदलली. म्यूर म्हणतात, बुद्धीने शास्त्र पारखा. नीळकंठ विचारतात, शास्त्र पारखणारी ही बुद्धी शास्त्राहून श्रेष्ठ कोणी ठरविली? केवळ तर्क कोठेच स्थिरावत नाही. आज एक तार्किक जे सिद्ध करतो ते उद्या दुसरा खोडतो. तर्क शास्त्राच्या मागून, त्याचा अर्थ लावण्यापुरता चालावा. आणि तर्कानेच जर सर्व पारखावयाचे असेल तर तुमचेही शास्त्र त्या कसोटीस लावा. एक मूल राजाच्या घरी जन्मते, दुसरे आंधळे होऊन भिकाऱ्याच्या पोटी येते. पूर्वजन्म मानावयाचा नाही, तर हा भेद कोणी केला? ब्रह्मसूत्रांत ईश्वरावरील वैषम्य व नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात व निर्दयता, ह्या दोन आक्षेपांचा परिहार कर्मसिद्धांताने केला आहे. ख्रिस्ती मतात कर्मसिद्धांत नाही, तेव्हा ते दोन्ही दोष तेथे जसेच्या तसे उभे राहतात. मूक पशूंनी कोणते पाप केले म्हणून त्यांनी दुःख भोगावे? चार दिवसांच्या आयुष्यातील अपराधास अनंतकाळचा नरक, हा कोणता न्याय?

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हे आक्षेप चमत्कारांवर नाहीत, ते ख्रिस्ती मताच्या नीतीवरच आहेत. 'तुमची नीती शुद्ध' ह्या म्यूर यांच्या दुसऱ्या लक्षणास नीळकंठांनी नीतीच्याच कसोटीने अडविले आहे. ज्याच्याकडून दयाधर्म शिकावयाचा तो ईश्वर स्वतः दयाळू व समदर्शी आहे हे प्रथम दाखवा, हे त्यांचे म्हणणे. ख्रिस्ती पक्षास ह्याचे सुकर उत्तर आजही देता येत नाही, आणि जे प्रामाणिक आहेत ते तसे कबूलही करतात.

पुढे जे घडले त्यामुळे ह्या ग्रंथाकडे बघण्याची दृष्टीच बिघडून गेली. काशीतील विल्यम स्मिथ ह्या पाद्र्यास निरुत्तर करावे म्हणून नीळकंठ त्यांच्याकडे जाऊ लागले, बायबल वाचू लागले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या गोरे झाले. झाले! हिंदूंच्या लेखी ते भ्रष्ट, म्हणून त्यांचा ग्रंथ त्याज्य. ख्रिस्त्यांच्या लेखी तो त्यांच्या अज्ञानकाळातील, म्हणून नकोसा. दोन्ही घरी अनाथ झालेली ही कृती शंभर वर्षांहून अधिक काळ हस्तलिखितातच पडून राहिली. अखेर १९५१ मध्ये उज्जयिनीच्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेने सदाशिव ल. कात्रे यांच्या संपादकत्वाखाली ती छापली. कर्त्याच्या पुढील चरित्रावरून ग्रंथाची किंमत ठरविण्याच्या सवयीमुळे अशी किती बाडे आपण घालविली असतील, ह्याचा हिशेब संग्राहकांनीच करावा.

आणि पालटलेल्या नीळकंठांना आपले जुने आक्षेप विसरता आले असेही नव्हे. १९०० साली निघालेल्या त्यांच्या इंग्रजी चरित्रात संशयाचे झटके त्यांस जन्मभर येत असत असे स्पष्ट नमूद आहे. 'षड्दर्शनदर्पण' ह्या १८६० मधील हिंदी ग्रंथात त्यांनी सहाही दर्शनांचे खंडन केले. हॉल साहेबांनी १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात कर्मसिद्धांतावर त्यांचा उलट प्रश्न आहे: ज्या अपराधाची अपराध्यास आठवणच नाही, त्याची शिक्षा भोगून तो सुधारणार कसा? वेदांतावरील त्यांचा मुख्य रोख नीतीचाच आहे. पारमार्थिक सत्तेत पाप-पुण्य मिथ्या ठरले, तर व्यवहारात त्याचा धाक किती काळ टिकेल? हे सर्व आक्षेप वेदांत्यांस मान्य होण्याजोगे नाहीत, व त्यांतील काहींचा परिहार आचार्यांनी पूर्वीच केलेला आहे. तथापि आक्षेप घेणारा घरचा आहे, परिभाषा चुकत नाही, एवढे निश्चित.

गोऱ्यांचा शेवटचा मोठा वाद महाराष्ट्रातच झाला, आणि प्रस्तुत विषयास तोच सर्वांत निकट आहे. तोवर काळ पालटला होता. मुंबईस १८६७ मध्ये प्रार्थनासमाज स्थापन झाला होता. एक दयाळू ईश्वर, पश्चात्ताप, प्रार्थना, सर्वांविषयी बंधुभाव हे सर्व ह्या मंडळींनी स्वीकारले. परंतु ख्रिस्त हा ईश्वराचा अवतार, बायबल हे ईश्वरप्रणीत, हे नाकारले. ही तत्त्वे मनुष्यास अंतःकरणातच स्फुरतात, त्यांस ग्रंथाचे प्रमाण नको, असे त्यांचे म्हणणे. ह्याच विचाराच्या ब्राह्मो मंडळींपुढे गोऱ्यांनी मुंबई-पुण्यास जी चार व्याख्याने दिली, ती १८७५ मध्ये छापली गेली. त्यांचा प्रश्न सरळ आहे. ही तत्त्वे जर प्रत्येकाच्या अंतःकरणात स्वयंभू आहेत, तर आमच्या थोर ऋषींच्या व दार्शनिकांच्या अंतःकरणात ती अशा रूपाने का स्फुरली नाहीत? तुम्ही ती ख्रिस्ती शिक्षणातून घेतली आहेत. तर मग घेतली म्हणून सांगा. मूळ तोडून फळ किती दिवस ताजे राहील?

ह्यावर प्रार्थनासमाजी मंडळींस तुकोबांकडे व नामदेवांकडे बोट दाखविता येत होते आणि ते त्यांनी दाखविलेही. दया, पश्चात्ताप, शरणागती यांची मराठी संतांस उसनवारी करावी लागली नव्हती. गोऱ्यांची दृष्टी काशीची. पंढरीच्या वाळवंटातील मराठी त्यांच्या कानी पुरेशी पडली नाही, हा त्यांच्या युक्तिवादातील मोठा उणेपणा आम्हांस वाटतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर हाच उणेपणा भरून काढला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. पण उणेपणा मान्य करूनही गोऱ्यांच्या प्रश्नाची धार बोथट होत नाही. उपकार घेऊन ऋण नाकारू नये, इतके त्यांचे म्हणणे तर कोणीही मान्य करावे.

पंडिता रमाबाईंस हा प्रश्न टोचला. त्या ब्राह्मो विचारांच्या सहवासात राहून आल्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यास गोऱ्यांचे लेखन कारण झाले असे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. परंतु त्यांच्या आत्मनिवेदनात ह्याहून निराळे असे एक प्रमाणही येते. फुलहॅम येथे पतित ठरविलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. अशा स्त्रियांना इतक्या प्रेमाने जवळ घ्यावे असे ह्यांस का वाटते, असे त्यांनी विचारले, तेव्हा उत्तरादाखल त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. अद्भुत नव्हे, तर्कही नव्हे. प्रमाण म्हणून आचार पुढे आला आणि त्याचे मूळ मागाहून सांगितले गेले. मनुस्मृतीत धर्माची जी चार लक्षणे सांगितली आहेत त्यांत सदाचार आहेच. रमाबाईंनी ते लक्षण परक्या घरी लावून पाहिले.

हे प्रमाण अनेक मतांच्या समाजात किती नाजूक ठरते तेही रमाबाईंच्याच चरित्रात दिसते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले. पुढे ते पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील अशी बोली होती. काही विधवा मुली ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्या तेव्हा १८९३ मध्ये केसरीने ओरड केली, व रानडे, भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीचे सल्लागारही मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे, माझ्या खोलीचे दार उघडे असते, मी माझी प्रार्थना करते, कोणी येऊन बसली तर तिला हाकलणार नाही. सल्लागारांचे म्हणणे, आश्रयास आलेल्या पोरक्या मुलीपुढे उघडे दार हाही एक प्रकारचा उपदेशच. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. आचार हेच प्रमाण मानले, तर आचार दिसू देणे हाच प्रचार होतो. आणि तो झाकून ठेवा म्हणावे, तर प्रमाणच नष्ट होते. ह्या गाठीची उकल आम्हांस सापडलेली नाही.

आता म्यूर यांचे पुढे काय झाले ते सांगावयाचे. १८४४ मध्ये त्यांनी काशीच्या संस्कृत कॉलेजाचे काही काळ मुख्याध्यापकत्व केले, १८५३ मध्ये नोकरी सोडून ते स्वदेशी गेले, १८६२ मध्ये एडिंबरो विद्यापीठात संस्कृताचे अध्यासन त्यांच्याच देणगीतून स्थापन झाले. संस्कृत मूळ वचनांचे त्यांचे पाच खंड आपणां सर्वांस परिचित आहेत. परंतु १८७५ मध्ये त्यांनी एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. महाभारत, मनुस्मृती व इतर संस्कृत ग्रंथांतील धार्मिक व नैतिक वचने निवडून त्यांनी ती इंग्रजी पद्यात उतरविली. १८७९ मध्ये ह्या संग्रहाची मोठी आवृत्ती निघाली. अपकार करणाऱ्यावर उपकार करावा, क्रोध शांतीने जिंकावा, अशा अर्थाची ती वचने आहेत. ज्या मनुष्याने १८३९ मध्ये 'आमच्याच शास्त्रात नीती शुद्ध' म्हणून संस्कृतात ग्रंथ लिहिला, त्यानेच छत्तीस वर्षांनी संस्कृतातील नीती आपल्या देशबांधवांपुढे इंग्रजीत मांडली!

त्याच सुमारास लोरिन्सर ह्या जर्मन पंडिताने गीतेत नव्या करारातून उसने घेतले आहे असा वाद उपस्थित केला होता. काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी १८७५ मध्ये गीतेच्या आपल्या इंग्रजी पद्य भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याचा समाचार घेतला. म्यूर यांनीही उसनवारीचा तो निष्कर्ष स्वीकारला नाही. तेव्हा म्यूर व गोरे यांच्या वाटा एकमेकांस छेदून गेल्या. वेदाचा कैवारी ख्रिस्ताच्या एकमेवत्वाकडे गेला, आणि ख्रिस्ताच्या एकमेवत्वाचा कैवारी सर्व शास्त्रांत पसरलेल्या साधारणधर्माकडे आला. एकाने दुसऱ्यास जिंकले असे म्हणवत नाही. दोघांनीही एकमेकांचे म्हणणे मनावर घेतले होते, हे मात्र खरे.

येथे एक घरची गोष्ट सांगण्याची मुभा वाचक देतील. आमच्या वर्गात शीख, मुसलमान, बौद्ध, लिंगायत, ख्रिस्ती अशी सर्व घरची मुले एका बाकावर बसत. एकदा अपकाराची फेड उपकाराने करावी अशा अर्थाचे एक सुभाषित शिकविले. एक ख्रिस्ती मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, हे तर आमच्या बायबलात आहे. मग मूळचे कोणाचे?" आम्ही त्या वेळी "सर्वांचेच" असे म्हणून वेळ मारून नेली. पोरीचे समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसले. आज ते उत्तर आम्हांस लबाडीचे वाटते. 'सर्वांचेच' म्हटल्याने सुभाषितकाराचेही ऋण फिटत नाही आणि तिच्या घरी रोज रात्री वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाचेही नाही. साधारणधर्म सर्वांस समान आहे. पण तो प्रत्येकाच्या घरी ज्या दाराने आला ते दार निरनिराळे आहे, असे तिला सांगावयास हवे होते.

राहिला सार्वत्रिकतेचा प्रश्न, ज्याचे उत्तर सुबाजींकडे नव्हते. त्याचा निवाडा संस्कृत सभेत झाला नाही, आमच्या मराठवाड्यात जालना येथे त्याचा एक प्रयोग झाला. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयी म्हणून कोर्टाने बापाच्या हवाली केला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्यास प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घेण्याचा पक्ष उचलला, तेव्हा केवढी खळबळ उडाली ते सर्वश्रुत आहे. नारायणराव १८६३ मध्ये निजामच्या मुलखात जालन्यास आले. पुढे सर सालारजंग यांच्या सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वसाहत उभारली. तेथे जमलेली मंडळी बहुतांशी मांग व महार समाजाची. ब्राह्मण कुळातील मनुष्य, मुसलमान राज्यात, मुसलमान दिवाणाच्या देणगीवर, अस्पृश्य मानलेल्यांसमवेत ख्रिस्ती गाव वसवितो, ही गोष्ट सुबाजींच्या सूत्रात कोठेच बसत नाही. येथे कोणी कोणाचा अधिकार विचारला नव्हता. ह्या वसाहतीमुळे पंक्तिभेद समूळ गेला असे मात्र कोणी समजू नये. ख्रिस्ती समाजातही जात टिकून राहिली, हे ख्रिस्ती लेखकांनीच लिहिले आहे. आणि शेजारी कोणास म्हणावयाचे हा प्रश्न तितक्याच कठोरपणे त्यांच्याकडेही वळतो.

लातूरच्या स्नेह्यांनी त्या तिन्ही पुस्तिका अखेर रद्दीत घातल्या नाहीत. यादीत त्या कोणत्या सदरात घालावयाच्या ह्यावर मात्र आमचा बराच वेळ गेला. त्यांचे म्हणणे 'परमत'. आमचे म्हणणे 'नीती'. शेवटी 'खंडनमंडन' असे सदर घालून, समासातील मोडी शब्दाची नोंद शेऱ्यात केली आहे, आणि गाठोडे पूर्वी होते त्याच क्रमाने, म्हणजे गीतेच्या टीका वर व पुस्तिका तळाशी, पुन्हा बांधून ठेविले आहे. ज्यांच्या संग्रही मतपरीक्षेची १८३९ किंवा १८४० ची प्रत, अथवा ह्या वादातील एखादे हस्तलिखित असेल त्यांनी कळविल्यास प्रस्तुत लेखक स्वखर्चाने येऊन नक्कल करून घेईल.